तिसरा रकाना

वेस्ट व्हर्जिनियात मार्च महिन्यात
डोंगरांवर अजून पान नसतं,
त्यामुळे घरं सगळी उघडी दिसतात,
मागच्या दारच्या मोडक्या फ्रिजांसकट.

वर्ना स्टिल्टनर गाडी कडेला घेते.
मांडीवर फॉर्म. नाव लिहून झालंय: होबर्ट लेस्टर.
वय एक्कावन्न. खाणकामगार, निवृत्त.
'निवृत्त'पाशी तिचं पेन जरा अडलं.
एकोणीस वर्षांपूर्वी छताचा एक दगड
त्याला निवृत्त करून गेला होता.

पुढे मृत्यूचा प्रकार:
अपघात.
आत्महत्या.
ठरवता आले नाही.

खिडकीत टोमॅटोची रोपं, माती अजून ओली.
गुरुवारी दाताच्या डॉक्टरची वेळ, चिठ्ठी भिंतीवर.
पण कुत्री सोमवारीच
बहिणीकडे नेऊन सोडलेली.
"दोन दिवस ठेव," म्हणाला.
आयव्हा ते तीन शब्द म्हणून दाखवते,
पुन्हा म्हणते, जरा हसत, मग सपाट,
तो कुठल्या सुरात म्हणाला होता
ते शोधत.

दुखण्यानं त्याची पाठ सोडली नाही.
कंपनीनं फिरवली.
गोळ्यांनी धरली.
दर महिन्याला डॉक्टर विचारायचे,
शून्य ते दहा, किती?
तो सात सांगायचा.
नऊ म्हटलं तर खोटारडा, पाच म्हटलं तर गोळ्या कमी,
सात म्हटलं की माणूस खरा वाटतो.
मग एका वर्षी वरून आदेश आला, गोळ्या बंद.
ठणक्याला आदेश कळला नाही.
तो पेट्रोल पंपामागे जायला लागला,
जिथं बाटलीवर कुणाचंच नाव नसतं.

ठणका कुठल्या मणक्यात संपतो
आणि जीव नकोसा कुठून होतो,
हा आकडा त्याला कुणी विचारला नाही.

म्हणजे, एकदा विचारला होता.
गेल्या ऑक्टोबरात अँब्युलन्सवाल्यांनी
त्याला शुद्धीवर आणलं तेव्हा.
कागद वर्नानं आज सकाळीच वाचला.
"मरायचं नव्हतं," तो म्हणाला,
"उठायचंही नव्हतं."
नर्सनं खाली लिहिलंय: रुग्ण थट्टेखोर आहे.
अपघातावर खूण, आणि घरी.

अपघात मोजणारे एका मजल्यावर बसतात,
आत्महत्या मोजणारे दुसऱ्या.
जिन्यात कुणी बसत नाही.

वर्ना तिसऱ्या रकान्यात खूण करते.
या वर्षातली अकरावी.
गाडी सुरू करते, बंद करते,
चिखल तुडवत परत चढावर जाते.

आयव्हा दारातच आहे, कुत्री पायाशी.
मागे ओट्यावर नारिंगी बाटली,
गुडघ्याच्या ऑपरेशनची, लेबलवर तिचंच नाव.
वर्ना फॉर्म गाडीत ठेवून आलीय.
"आयव्हा, एक विचारू का,
सरळच विचारते.
सकाळी जाग येऊच नये,
असं वाटतं का तुला कधी?"

कुत्री अंग झाडते.
खाली दरीत कोळशाची गाडी जात राहते, डबे संपत नाहीत.
आयव्हा काही बोलत नाही.
दुसरी खुर्ची ओढते.