उचलायला किती माणसं

आकारानुसार संगणकाचे प्रकार लिहा. गुण चार.
आदर्श उत्तर माझ्याकडे आहे:
महासंगणक, मेनफ्रेम, मिनी, मायक्रो.
फळ्यावर मी चार चौकोन काढते,
थोरल्यापासून धाकट्यापर्यंत,
लग्नातल्या फोटोला उभे केल्यासारखे.

चोपडा, अकरावी ब, सहामाही.
मुमताज रुबाब तडवी हिने लिहिलं:
एक, चौघांचा. दोघं पुढे दोघं मागे, मधे कोणी बोलायचं नाही.
दोन, दोघांचा.
तीन, एकट्याचा, कडेवर.
चार, खिशातला. त्याला हात लावण्याआधी हात पुसायचे.

बापाचं भंगारचं दुकान, यावल रस्त्याला.
मी अर्धा गुण दिला
आणि रविवारी बघायला गेले.

चौघांचा होता तिथे. सूतगिरणीतून आलेला,
कपाटाएवढा, आतलं तांबं कधीच विकलेलं.
दाराला हवेची भोकं,
म्हणून त्यात केळीच्या फण्या पिकत होत्या.
"मॅडम, हाई काय मोजे?" रुबाबभाऊ ओरडून बोलतात.
पगार, मी म्हणाले.
"मंग रिकामं शे ते बरोबर शे."
हसता हसता त्यांनी कान खाजवला
आणि कानातलं यंत्र, हरभऱ्याच्या डाळीएवढं,
की-बोर्डांच्या ढिगात पडलं.

दोन हमाल, मुमताजची आई, तिचे दोघे धाकटे,
चहा घेऊन आलेला पोरगा,
पंखा विकायला आलेलं एक गिऱ्हाईक, मुमताज, मी.
उकिडवे बसून एकेक की-बोर्ड उलटा करून झटकत होतो.
बिस्किटाचा चुरा पडायचा, केस पडायचे,
कुणा क्लार्कच्या नखाचा तुकडा.
बोलायचं नव्हतं.
ते यंत्र बारीक शीळ घालतं, ती ऐकायची होती.
मधोमध रुबाबभाऊ एकटे उभे,
त्यांना आमची शांतताही ऐकू येत नव्हती,
दर मिनिटाला विचारायचे, "सापडनं का?"

ऊन कपाटाच्या भोकांतून फण्यांवर आलं तेव्हा सापडलं,
एका निखळलेल्या बटणाखाली.
मुमताजने ते फुंकलं, ओढणीला पुसलं,
बापाच्या कानात बसवलं.
मग सगळे एकदम बोलायला लागले.

सोमवारी चार चौकोनांखाली मी एक टिंब दिलं.
विचारलं, याला किती माणसं?
वर्ग म्हणाला, एकही नको मॅडम.
मुमताज खाली बघून पेनाचं टोपण लावत होती.

गुणांचा तक्ता ऑफिसात गेलाय.
तिथे अजून अर्धाच आहे.