खांदा

व्हर्लीन ओळ विसरली, एवढंच घडलं.
एप्रिलातला मंगळवार, सेंट लुइस.
प्रूइटच्या बारमध्ये आवाज बंद केलेला टीव्ही
महापौरपदाची मतं मोजत होता
आणि मी तिच्या डावीकडे, बासच्या तारांवर बोटं ठेवून
तिचा खांदा बघत होतो.
सव्वीस वर्षं वाचतोय तो खांदा.
शब्द हरवले की इंचभर खाली येतो.

आला.

मग तिने अर्थ सोडून दिला, सूर धरून ठेवला.
डू-ली-या, डू-ली, बाय-या, बाय.
समेच्या पायरीवर पाऊल टेकवता टेकवता मागे घेतलं,
आम्हाला ताटकळत ठेवलं,
आणि ओमरी ड्रमवर ब्रश घासत स्वतःशीच हसला.

कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी
चाळीस सेकंद टिपले.

उमेदवाराचं नाव डूली होतं.
तिला ठाऊक होतं का? होतं.
तिच्या अंगणात त्याची पाटी होती,
शेजारणीने रोवलेली. हिने उपटायचा कंटाळा केला.

सकाळी मी शाळेची बस धूत होतो
तेव्हा फोन खिशात बेडकासारखा उड्या मारायला लागला.
नऊ लाख लोकांनी ऐकलं होतं.
एक म्हणे, डूलीला बाय केलं, शाब्बास म्हातारे.
दुसरा म्हणे, बाय म्हणजे विकत घे,
डूली विकला गेलाय, ती सांगतेय, कान उघडा.
तिसऱ्याने तिच्या घराचा फोटो टाकला, पाटीसकट.
ध चा मा होतो, ते मी समजू शकतो.
इथे मुळात ध च नव्हता.

राजकारण मला कळत नाही असं नाही.
माझे वडील बुटांच्या कारखान्यात युनियनचे खजिनदार.
सभेत समोरचा बोलत असेतो ते पेन्सिलीला टोक काढत.
कधी कधी अख्खी पेन्सिल संपायची.
संयम तेवढाच होता त्यांच्याकडे,
पण होता.

दुपारी तिच्याकडे गेलो. ती भेंडी चिरत होती,
फोन पिठाच्या डब्यात.
"खाली कुणी सुराबद्दल लिहिलंय का? बघ."
चष्मा लावून तासभर बघितलं.
शिव्या, झेंडे, तिच्या वयाचे हिशेब,
एक बाई केसांचं तेल विकत होती.
मग टल्सातल्या कुणाचं एक वाक्य:
एकतिसाव्या सेकंदाला ती उशिरा येते,
आणि तो बासवाला थांबतो.

"आहे का?"
"नाही," म्हणालो.
का म्हणालो, अजून कळलेलं नाही.
तिने भेंड्यांचे देठ वर्तमानपत्रात गुंडाळले,
त्या पानावर डूली होता,
साडेतीनशे मतांनी पडलेला, हात हलवत.

पुढच्या मंगळवारी उभं राहायला जागा नव्हती.
फोन वर धरलेले, जणू छतातून काही गळणार आहे.
कुणी ओरडलं, डू-ली, डू-ली!
व्हर्लीनने तेच गाणं घेतलं.
कागद आणला होता, ठळक अक्षरांत लिहिलेला.
एकेक शब्द लख्ख उच्चारला,
कोर्टात नाव-पत्ता सांगावा तसा.
टाळ्या भरपूर.

दुसरं कडवं आलं, गेलं.
मी नजर हटवली नव्हती.