प्रश्न एकोणचाळीस

मंजूर पदं : पाच.
भरलेली : दोन.
त्यातलं एक प्रशिक्षणाला मोंगूला गेलंय
आणि परतीची होडी बुधवारशिवाय नाही.
दुसरं माझ्यासमोर बसलंय,
नामाकाऊ सितुंबेको, परिचारिका आणि सुईणही,
चप्पल काढून एक टाच दुसऱ्या पायावर घासत,
नजर माझ्या खांद्यावरून बाहेर, रांगेवर.

"लवकर विचारा," ती म्हणते,
"आत एक बाई सात सेंटिमीटरवर आहे."

माझ्याकडे टॅबलेट आहे. बावन्न प्रश्न आहेत.
दर मुलाखतीमागे मला जे मिळतं
ते तिच्या दुर्गम भत्त्याहून बरं,
आणि वेळेवर.
हे प्रश्नावलीत नाही.

अकरा : गेल्या तीन महिन्यांत वरिष्ठांची भेट?
आले होते, झांबेझीचं पाणी मैदानावर चढायच्या आधी.
नोंदवह्या चाळल्या, समासात लाल खुणा केल्या,
रेषा सरळ आखा म्हणाले,
आणि फ्रीजमधलं गार पाणी प्याले.
लसींच्या फ्रीजमधलं.
मी 'होय' दाबतो.
'होय'साठी चौकोन एकच आहे.

एकोणीस : समाधान, एक ते पाच.
"कशाचं? कामाचं पाच. घराचं एक, छत गळतं.
आणि टॉर्चचे सेल संपले त्या रात्रीचं
किती लिहू, तुम्हीच सांगा."
सरासरी मी काढत नाही.
ती लुसाकात निघते.

मग आतून तो आवाज,
आणि ती वाक्य अर्ध्यावर टाकून उठते.
न बोलावता लिसवानिसो झाडू भिंतीला टेकवतो,
कोपरापर्यंत हात धुतो,
कंदील उचलतो.
अकरा वर्षं हेच. पद : सफाई कामगार.
त्याने धरलेल्या उजेडाला
आमच्या तक्त्यात ओळ नाही.

मी बसून राहतो. पिशवीत मागच्या पाहणीचा गोषवारा आहे :
नुसत्या पैशाने माणूस टिकत नाही,
पैशाशिवायही टिकत नाही.
देखरेखीचा उपयोग होतो, ती देखरेख असेल तर.
घर, शाळा, रस्ता, कुणीतरी नावाने हाक मारणं.
पुरावा : कमी खात्रीचा.
अधिक संशोधनाची गरज.

तक्ता चार, खालून तिसरी ओळ : 'सोडून गेलेले'.
त्या आकड्यात मी आहे.
नदीच्या वरच्या अंगाला, चार वर्षं,
औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर झोपलेला क्लिनिकल ऑफिसर.
बदलीचे सहा अर्ज केले.
सातव्यांदा कागद घेतला नाही,
होडी घेतली.
कारण : इतर.

"हातमोजे!" ती आतून ओरडते.
कपाटाचं दार मी उघडतो.
मापं बघावी लागत नाहीत,
तिचे हात मघाशी पाहिलेत. साडेसहा.
देताना ट्रेमधली चिमटी
तिच्या उजव्या हाताला सरकवतो,
सवयीने.
ती एक क्षण माझ्याकडे बघते.
मग बघायला वेळ नसतो.

मुलगी. दोन किलो सातशे.
रडायला उशीर केला, पण रडली.

नामाकाऊ परत येते, ओल्या हातांनी,
कपाळ दंडाला पुसत. "कुठे होतो आपण?"

एकोणचाळीस : येत्या बारा महिन्यांत
ही जागा सोडण्याचा तुमचा विचार आहे का?

ती हसत नाही, चिडतही नाही.
"तुम्ही कुठे होतात?" विचारते.
मी गावाचं नाव सांगतो.
"जायच्या आधी तुम्हाला कुणी विचारलं होतं? हे?"

नाही, मी म्हणतो.
गेल्यावर पत्र आलं होतं,
स्टेथोस्कोप जमा करा म्हणून.

बाहेर लिसवानिसो पुढचा क्रमांक पुकारतो,
झाडू पुन्हा हातात.
ती चप्पल शोधते पायाने.
"माझं उत्तर बुधवारी घ्या," म्हणते,
"होडी आल्यावर.
तीत कोण बसून येतं ते बघून सांगते."

मी रकाना मोकळा ठेवून पुढे जाऊ बघतो.
टॅबलेट जाऊ देत नाही.
लाल अक्षरांत लिहून येतं :
उत्तर आवश्यक आहे.