शिरोरेषा

गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते,
म्हणून आधी कुणाला कळलंच नाही.
मांडवीपाशी टायरवाल्याचा बोर्ड रंगवला,
रावपुऱ्यात चष्म्यांचा.
सगळे म्हणाले, सरस.

मग दांडिया बाजारातल्या दिघेबाईंचा आला, मराठी :
येथे ताजी कडबोळी मिळतील.
अक्षरं नीट उतरली. वरची रेघ ओढायला घेतली
आणि ‘ता’वरून ‘जी’वर जाईपर्यंत
ती डासासारखी उडायला लागली.

पंचवीस वर्षं ही रेघ मी एका श्वासात ओढत आलोय,
पट्टी न लावता.

घरी म्हटलं, थंडी असेल. म्हटलं, वय.
नलूताई एवढंच म्हणाली, “नवीन काय खातोयस?”
तिला विचारायचा हक्क आहे.
तिचं एक मूत्रपिंड तीन वर्षं माझ्या उजव्या कुशीत आहे,
आणि ते परकं आहे हे अंगाला कळू नये
म्हणून सकाळी नऊ, रात्री नऊ,
ती गोळी.

नवीन काही नाही. खोकला होता.
नाक्यावरच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं.
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही,
शिडी बाहेर रस्त्यात उभी होती.

टॅक्रोलिमस सातच्या आसपास हवं, आलं तेवीस.
क्रिएटिनिनही चढलेलं.
ध्रुवसाहेब रागावले नाहीत.
रिपोर्टच्या पाठीवर त्यांनी एक घर काढलं
(फार वाईट काढलं)
आणि म्हणाले, “हे यकृत. रोजची गोळी
या दारातून थोडी थोडी बाहेर पडते.
ही नवी येऊन उंबऱ्यातच आडवी झोपली.
हवे बोलो, आतली जाणार कुठून?”

मी समजत होतो, दोन औषधं म्हणजे दोन औषधं.
एक खोकल्याचं,
एक नलूताईचं.

नवी बंद झाली, रोजचीही दोन दिवस थांबवली,
खोकल्याला दुसरी दिली, दार न अडवणारी.
एक दिवसाआड सुई.
हात परत आला, जवळजवळ.

दिघेबाईंनी निम्मेच पैसे दिले. बरोबर आहे त्यांचं.

पाकिटात आता एक कार्ड असतं,
कुठल्याही डॉक्टरापुढे आधी ते ठेवायचं.
गोळीचं नाव, किती, केव्हा,
वर गुजरातीत, खाली मराठीत.
तिसऱ्या दिवशीच लिहून काढलं होतं मी ते, घाईत,
खालची रेघ हललेली आहे.
नलूताई म्हणते, नवं कर, शोभत नाही पेंटरला.

करीन.
अजून केलेलं नाही.