स्थळप्रत

कार्बन म्हणजे माझ्यासाठी आधी कागद होता.
निळसर काळा, एका अंगानं गुळगुळीत,
शंभराच्या डब्यात येणारा.
परदेशीपुऱ्याजवळच्या मिलमध्ये मी टायपिस्ट:
वर पांढरा, मध्ये हा, खाली पातळ पिवळा.
पांढरा सहीला जायचा, पिवळा फायलीत.
पुण्याहून आलेले खासगीवाले त्याला स्थळप्रत म्हणत,
आम्ही इंदुरी माणसं नुसतं ऑफिस कॉपी.
जी जागची हलत नाही, ती.

बोटं कायम काळी.
कणीक मळण्याआधी लिंबाच्या सालीनं घासायची,
तरी पहिल्या पोळीवर एखादं बोट उमटायचंच.
ती पोळी माझी.

खाली बॉयलरवर रामदुलारे.
त्याच्या फावड्यात कोळसा, माझ्या खिडकीत त्याचा धूर.
एका दुपारी चपटा तुकडा घेऊन जिना चढून आला,
“देखो बाईजी.”
काळ्यावर काळं पान. जिभेच्या आकाराचं,
मधली शीर अगदी सरळ.
“इसकी कार्बन कॉपी किसने निकाली?”
मी हसले. तोही हसला, मग खोकला.
तो खोकला पुढे थांबलाच नाही.

तुकडा त्यानं परत नेला. कोळसा तोलून यायचा.
मग चिमणीतून काय निघालं ते मी पाहिलं नाही,
मी टाइप करत होते:
संदर्भ, आपले मागील पत्र.

मिल बंद पडून आता किती वर्षं झाली.
सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते,
मी हिरवा डबा रिकामा करते:
दोडक्याच्या शिरा, चहाचा चोथा, भुट्ट्याची सालं.
गाडीवरचा अंकुश करोसिया सांगतो,
“आंटी, देवगुराडियाला याची गॅस बनते,
उसी पे सिटी बस चलती है.”
म्हणजे परवा पाटणीपुऱ्यापर्यंत मी गेले
ती माझ्याच दोडक्यावर!
तिकीट मात्र पूर्ण घेतलं त्यांनी.

बस गेली की स्टॉपवरचा करंज थोडा हलतो.
वाऱ्यानं हलतो, मला कळतं.
पण बसच्या मागून निघालेलं तो खातोय
हेही आता कळतं.

तेव्हापासून ते पान डोक्यातून जात नाही.
धूर झाला, मग गेलं कुठे?
निमाडच्या एखाद्या कपाशीच्या बोंडात बसलं असेल,
गठ्ठ्यात बांधून आमच्याच फाटकातून आत आलं असेल,
धोतर होऊन रामदुलारेच्या कमरेला लागलं असेल,
आणि पंचकुइयाला त्याच्यासोबत
पुन्हा एकदा धूर.

इतकी वर्षं वाटायचं, कार्बन नकला काढतो.
चुकलं माझं.
खरा कार्बन नक्कल काढतच नाही,
अस्सलच फिरवतो, हातोहात,
पोच नाही, आवक-जावक नाही.

फाइल एकच होती. जमिनीखाली,
पंचवीस-तीस कोटी वर्षं दोरी बांधून ठेवलेली,
जागची न हलणारी.
ती आम्ही सोडली.
त्याच्या फावड्यानं, माझ्या पगारासाठी,
कुणाच्या तरी लठ्ठ्याच्या चादरीसाठी.
झाडं उचलतायत ते कागद, जमेल तितके,
पण इतके एकदम कोण लावणार?
माळव्यात मे महिन्यात गच्चीवर
पहाटे गोधडी ओढायचो आम्ही.
आता तीन वाजता कूलरमध्ये पाणी भरते.

टाइपरायटर भंगारात गेला.
वापरलेला एक कार्बन राहिलाय, कपाटाच्या तळाला.
उजेडाकडे धरला की सगळी पत्रं दिसतात,
एकावर एक, एकही वाचता येत नाही.
रामदुलारेच्या रजेचा अर्ज
त्यातच आहे कुठेतरी.