पन्नास पास्कल

ताशी शून्य पूर्णांक सहा, असं मी लिहिलं होतं.
पान अठरा, कलम चार.
डब्लिनच्या कचेरीत, हीटर पायाशी ओढून.
दाराला पंखा लावायचा, पन्नास पास्कल दाब,
आणि घरानं आपल्या पोटातली हवा
त्याहून जास्त वेळा बदलायची नाही.

अंदाज बांधणं तसं सोपं.
आधीच्या अकरा घरांचे आकडे, भिंतींचं क्षेत्रफळ,
चौकटींची लांबी,
आणि 'कारागिरी' या रकान्यात
दरवेळी घालते तो गुणक: एक पूर्णांक पंधरा.
कुठून आणला, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

घर डोनेगलच्या टोकाला. पुढे नुसता समुद्र.
तिथली झुडपंसुद्धा
वारा येईल तशी पाठ देऊन वाढलेली.

पंखा सुरू झाला. दारातलं लाल कापड
आत फुगलं, ताणलं, थरथरलं.
शून्य पूर्णांक नऊ.
फीअक्रा सुतारानं टोपी काढली,
घरात कुणी गेल्यासारखी.
"टेप मी लावलीय, डर्व्हला. बोटानं दाबून, वीत न् वीत."
खोटं नव्हतं ते.

धुराची कांडी घेऊन आम्ही खोल्या फिरलो.
खिडक्यांपाशी धूर सरळ.
छताच्या सांध्याशी सरळ.
जिन्याखाली मात्र रेघ थबकली,
आणि कुणी फुंकर घातल्यासारखी
आडवी झाली.

वायर बोटाएवढी, भोक मुठीएवढं.
शुक्रवारी सगळे गेल्यावर
वायरमनच्या हाताखालच्या ओरननं पाडलेलं.
वय सतरा. कान लाल.
मगिन्लीबाई म्हणाल्या होत्या म्हणे,
म्हातारा ब्रॅन जिन्याखाली झोपतो,
हल्ली अंधारात रडतो,
एक छोटा दिवा दे ना रे तिथे.

नकाशात दिवा नव्हता.
नकाशात कुत्राही नव्हता.

फीअक्रा काही बोलला नाही.
गुडघ्यांवर बसला, रबरी कडं चढवलं, टेप लावली,
मग ओरनच्या हातात देऊन
त्याच्याकडून तीच टेप पुन्हा दाबून घेतली.
शून्य पूर्णांक एकसष्ट.
दशांश मी एकच मागितला होता. पास.

ब्रॅन तेवढ्यात येऊन
दिव्याखाली वेटोळं करून पडला,
त्याला कलम चारशी काही देणंघेणं नाही.

परत आल्यावर नव्या घराच्या करारात
दोन ओळी वाढवल्या:
गिलाव्यानंतर ड्रिल कुणाच्या हाती असेल, त्याचं नाव.
घरात रात्री कुणाला भीती वाटते का.

गुणक अजून तोच ठेवलाय.