प्रतिसाद : शून्य

पॉन्टवेनमध्ये दोन चौक आहेत.
एक दगडी, चॅपलसमोरचा,
जिथे मंगळवारी चीजवाला येतो आणि पाऊस रोज.
दुसरा माणसांच्या खिशात.
मी दुसऱ्यावर प्रबंध लिहिते आहे.

चौदा महिन्यांचे संदेश छापून घेतले,
तीन हजार नऊशे सहा,
आणि मारेडच्या बेकरीवरच्या खोलीत
पावाच्या वासात बसून त्यांना रंग दिले.
हरवलं-सापडलं : पिवळा.
मदत : हिरवा.
कागाळ्या : गुलाबी. हे पेन दोनदा संपलं.
नगरपालिकेला शिव्या, यासाठी आधी लाल ठरवला होता,
मग गुलाबीतच ढकलला.
सीमारेषा सापडेना.

सगळ्यात जाड गठ्ठा वरच्या रस्त्यावरच्या बसथांब्याचा.
पत्र्याचं छप्पर, आत एक बाक,
बाकावर चाकूने कोरलेलं कुणाचं तरी जुनं प्रेम.
तो पाडावा की ठेवावा?
सहाशे बारा संदेश.
गेथिन प्रोसरने लिहिलं, पाडा,
पोरं रात्री तिथे बाटल्या फोडतात.
टेग्वेनने लिहिलं, तुझीच पोरं.
गेथिनने लिहिलं, खोटारडी.
पुढची चारशे उत्तरं त्या एका शब्दाची.
कुणी कुणाच्या आजोबांची उधारी काढली,
कुणी पाटीच्या खाणीतला संप,
आणि तो फोडायला कोण कोण गेलं होतं ते.

मग बैठक झाली. खरी, खुर्च्यांची.
टिपून ठेवलंय : खुर्च्या साठ, माणसं नऊ,
त्यात एक मी, एक चहा करणारी,
एकजण चुकून आलेला, त्याला गायनमंडळ हवं होतं.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
इथे सहाशे मुखं,
परमेश्वर कुठल्या कप्प्यात टाकू?
दुसऱ्या प्रकरणाचं नाव मी ठरवून टाकलं :
उंटावरून शेळ्या.
(मार्गदर्शक म्हणाले, जरा गंभीर काही बघा.)

एकोणीस नोव्हेंबरची ओळ तर मी गाळणारच होते.
रात्री दोन वाजून सात मिनिटं, गेथिन :
नदी पुलाच्या तिसऱ्या दगडाला लागली.
खाली काही नाही.
ना अंगठा, ना रडका चेहरा.
तक्त्यात भरलं, प्रतिसाद : शून्य.
शेरा : लोकांना रस नाही.

मार्चमध्ये मुलाखतींना निघाले.
पहिल्याच दारात बुटांची रांग,
चिखल वाळून पांढरा झालेला.
त्या रात्री तुम्ही काहीच लिहिलं नाहीत?
ह्यू म्हणाला, दोन्ही हातांत वाळूची गोणी होती.
पुढच्या घरी, फोन खिशातच भिजला.
त्याच्या पुढच्या घरी,
वाचलं आणि दिवा लावला. समोरच्यांनीही लावला.
मग?
मग काय, बूट घातले.

नदीकाठची आळीच्या आळी उजळत गेली होती
आणि माझ्या तक्त्यात अंधार.

एलुनेदबाई एक्याण्णवच्या, फोन भिंतीवरचा,
तोही एप्रिलपासून मुका.
तुम्हाला कसं कळलं?
टेग्वेन आली ना. झोपायच्या झग्यावर कोट.
मला पाठुंगळी घेतलं म्हणा की,
वर थांब्यात नेऊन बसवलं. गेथिनने कांबळं टाकलं अंगावर.
ती दोघं बोलली?
छे. तो भरत होता, ती तोंड धरत होती.
गोण्यांचं गं.

टेग्वेनकडे दोनदा गेले. दुसऱ्यांदा तिने दार उघडलं,
साखळीपुरतं.
हे लिहायचं नाही, म्हणाली,
तो खोटारडा आहे तो आहेच.
म्हणून ते प्रबंधात नाही. इथे आहे.

थांब्याचा निकाल अजून लागलेला नाही.
काल पुन्हा चाळीस संदेश आले,
सातवा टेग्वेनचा.
मी निमूटपणे गुलाबी पेन उघडलं.

एकोणिसाव्या तारखेचा शेरा तेवढा खोडलाय.
मार्गदर्शकांचा निरोप आहे :
एका ओळीत रकाना रिकामा राहिलाय.

राहू दे.